कोकोच्या बरण्या आणि द्वारकाबाईंचा डबा

एकदा एक वृद्ध मसाला-व्यापारी आपल्या शिष्याच्या घरी गेला, आणि तिथे त्याने शिष्याने भरून ठेवलेल्या बरण्या एकामागून एक परातीत ओतायला सुरुवात केली. शहाणासुरता माणूस असे का करील? त्यासाठी गोष्ट जरा मागून सांगावी लागेल.

हा शिष्य म्हाताऱ्याच्याच पेढीवर मिरी निवडता निवडता मोठा झाला. पुढे त्याने पेठेत स्वतःचे दुकान मांडले, संसार मांडला, आणि सगळे मार्गी लागतेय असे वाटत असताना त्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. चांगलीच अंगावर आली. बायको नुकती बाळंत झालेली. तिने तान्ह्याकडे पाहावे की नवऱ्याकडे? अशा वेळी गल्ली धावून आली. कुणी मुगाचे कढण पाठवी, कुणी ज्वारीच्या कण्या, कुणी ताकातली भाजी. मात्र सकाळची पेज एकाच घरून येई. बांगड्या विकणाऱ्या द्वारकाबाईंच्या. आजाऱ्याने पेज संपवली की नाही, हे बाई दारात उभे राहून पाहत, आणि मगच टोपली डोक्यावर घेऊन बाजाराची वाट धरत.

थंडी पडता पडता शिष्य ठणठणीत झाला. त्याच्या मनात कृतज्ञता अगदी काठोकाठ भरून आली होती. आणि भरलेले मन व्यापाऱ्याचे असले म्हणजे ते लगेच माल तयार करू लागते. त्याने ठरवले, गल्लीतल्या प्रत्येक घरी गरम दुधात घालायची चॉकलेटची पूड द्यायची, आणि तीही घरी केलेली. उत्तम कोको आणला. साखर दळली, आणि दळताना तिच्यातच वेलची टाकली, म्हणजे वेलचीचा वास साखरेत मुरतो. दुधाची भुकटी मिसळली, चिमूटभर मीठ घातले, सगळे पुन्हा पुन्हा चाळले. काही भाग जायफळाचा, काही सुंठ-दालचिनीचा. मग शहरातून काचेच्या बरण्या मागवल्या, त्यांना लाल फीत बांधली आणि प्रत्येकीवर छापील चिठ्ठी डकवली. चिठ्ठीवर त्याचे नाव, खाली दुकानाचे नाव.

पहिली बरणी अर्थातच द्वारकाबाईंना.

बाईंनी बरणी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि परत त्याच्या हातात दिली.

"छान आहे रे. पण ही ठेवू कुठं? माझ्या मांडणीवर ही म्हणजे गरिबाच्या पंगतीत मामलेदार. आणि वर तुझ्या दुकानाची पाटी! ने बाबा परत."

"मावशी, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत—"

"केलं ते केलं. आता काय, फेडायला आलास?" एवढे बोलून बाई बांगड्यांच्या पुड्यांत डोके खुपसून बसल्या. त्या पुन्हा वर पाहतील म्हणून तो थोडा वेळ थांबला. त्यांनी पाहिले नाही.

शिष्याच्या जिवाला ते फार लागले. ज्या बाईने आईसारखे केले, तिनेच दार लावून घेतल्यासारखे झाले. उरलेल्या बरण्या वाटायला त्याचा पाय उचलेना. अशा वेळी जायचे ते गुरूकडे. पण गुरूच, म्हणजे ते वृद्ध व्यापारी अण्णा, निरोप मिळताच त्याच्याकडे आले.

"अण्णा, माझं चुकलं कुठं? पूड बिघडली का?"

अण्णांनी चिमूटभर पूड जिभेवर ठेवली, डोळे मिटले. "पूड उत्तम आहे. सुंठीचा हात नेमका पडलाय. बरं, मला सांग, बाई पेज आणीत ती कशातून?"

"डब्यातून."

"तो डबा कुठं आहे?"

शिष्याची नजर वरच्या फळीकडे गेली. आतून बायको बोलली, "सांगा ना! दिवाळीपासून कानीकपाळी ओरडतेय मी. वरच्या फळीवर डब्यांचं गोदाम झालंय. तर म्हणे, 'आधी बरण्या होऊ देत, मग बघू.'"

"सूनबाई, ते गोदाम खाली घे," अण्णा म्हणाले, "आणि एक मोठी परात दे."

फळीवरून कढया, कडीचे डबे, पितळी वाट्या, झाकण हरवलेला एक पेढेघाटी डबा असे काय काय उतरले. अण्णांनी ते घासून, पुसून, उन्हात कडकडीत वाळवायला लावले. कारण ओलसर भांड्यात कोकोचा गोळा होतो. आणि मग त्यांनी ते केले, ज्याने ही गोष्ट सुरू झाली. फिती सोडल्या, चिठ्ठ्या काढल्या आणि जायफळाच्या वेगळ्या, सुंठीच्या वेगळ्या अशा बरण्या परातीत रित्या करून पूड त्या भांड्यांत भरायला घेतली. एका डब्याला लोणच्याचा वास होता. अण्णा म्हणाले, "यात सुंठीची भर, ती वास झाकील."

शिष्याला राहवेना. "अण्णा, एवढ्या हौसेनं सजवल्या होत्या! या पोचे आलेल्या भांड्यांतून भेट द्यायची?"

अण्णांनी एक रिकामा डबा उलटा करून त्याच्यासमोर धरला. "तळाशी काय कोरलंय? वाच."

"चि. सौ. कां. द्वारका हिस, आईकडून."

"आता तुझी बरणी आठव. तिच्यावर नाव कुणाचं? तुझं. म्हणजे बाईंनी ती रोज पाहावी आणि तुझं औदार्य रोज आठवावं. अरे, कृतज्ञ तू आहेस, आठवण तू ठेवायचीस. ते काम त्यांच्या गळ्यात कसं घालतोस? शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवू नये, ही आपली रीत. तू तर भांडंच पाठवलं नाहीस, आणि निघालास दुसऱ्याच भांड्यातून उपकार फेडायला! उपकार फेडून मोकळं व्हायचं नसतं, गड्या. ज्याचं त्याच्या हाती पोचवायचं, आणि पोचवताना हात रिकामा ठेवायचा नाही. बस. पुढे तेच भांडं पुन्हा आपल्या दारी येतं. यावं."

संध्याकाळी शिष्य डबा घेऊन द्वारकाबाईंच्या दारात उभा राहिला. या खेपेला त्याने भाषण तयार केले नव्हते.

बाईंनी डबा पाहिला आणि घाईने पदराला हात पुसले. आधी तो उलटा केला. तळावरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "मेल्या, किती दिवस जीव टांगणीला लावलास! वाटलं, कुणाच्या तरी घरी अदलाबदल होऊन गेला. मागायचा तरी कसा? आजारातून उठलेल्या माणसाकडे डबा मागितला तर म्हणाल, म्हातारी हलकी."

"मावशी, माझ्या ध्यानातच—"

"हं, पुरे." त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "जायफळ?"

"वेलचीही आहे."

"बस तिथं. दूध तापलंय. कप एकच आहे, तू वाटीतून पी."

तो उंबऱ्याशी बसला. वाटी दोन्ही हातांत धरून त्याने पहिला घोट घेतला. आभार मानायचे त्याला सुचले नाही, आणि बाईंनाही ते कुठे राहून गेल्यासारखे वाटले नाही.