चौबळांना ऐकू आलेलं गाणं

नाशिकच्या एका क्लबात इरावतीचा बँड पहिल्यांदाच स्वतःची गाणी सादर करत होता. साउंड ऋजुताच्या हाती होता. पण क्लबचे मालक चौबळ तिच्या मागे उभे राहून सारखे फर्मावत होते, "गिटार वाढव! ड्रम वाढव! भिंती हादरल्या पाहिजेत!"

तिने वाढवले. इरावतीचे शब्द पार बुडाले. घसा ताणून ताणून बिचारी रडकुंडीला आली.

तेव्हा ऋजुता वळली आणि साध्या आवाजात चौबळांशी काहीतरी बोलली.

"काय?"

ती पुन्हा तितक्याच शांतपणे बोलली.

"अगं, काही ऐकू येत नाही!" चौबळ ओरडले. "आधी ते ड्रम-गिटार कमी कर, मग बोल!"

ऋजुताने तत्काळ दोन्ही कमी केले.

"इरावतीचंही हेच म्हणणं आहे, सर."

चौबळ हसले, खुर्ची ओढून बसले आणि गाणं संपेपर्यंत उठले नाहीत.