गाठोड्यांचं गाव

ऐका हं! लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐका.

फार जुनी गोष्ट. पोलंड नावाच्या थंडगार मुलखात एक चिमुकलं गाव होतं. दोन राजांची लढाई झाली, सीमा सरकली, आणि गावातल्या लोकांना घरंदारं सोडून जावं लागलं. त्यांच्या रिकाम्या घरांत दुसऱ्याच दूरच्या गावातून हाकललेली माणसं आणून बसवली. राजांचं काय जातं म्हणा! त्यांचं बोट नकाशावर फिरतं, आणि गरिबाचा संसार रस्त्यावर येतो.

या नव्या माणसांचे म्होरके होते बोगुमिल आजोबा. ते रोज सगळ्यांना बजावायचे, "गाठोडी सोडू नका रे. आज ना उद्या आपल्या गावी परत जायचंय."

आजोबांचा शब्द कोण मोडणार? पोटापुरतं पेरायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. कुंपणं मोडली, गवती छपरांतून आभाळ दिसू लागलं, तरी गाठोडी जशीच्या तशी.

अशात आजोबांची सून यादविगा बाळंत झाली. मुलगी झाली. हिवाळा तोंडावर आला होता.

"बाबा, छप्पर शाकारायला हवं," यादविगा म्हणाली. "कोठारात पेंढा आहे, पण बांधायला दोर नाही. आधीची माणसं जाताना सगळे दोर घेऊन गेली."

"मग मी काय करू?"

"आपल्या गाठोड्यांना आहेत की दोर!"

"खुळी का काय तू?" आजोबा कडाडले. "चार दिवसांचे पाहुणे आपण. पाहुणा कधी छप्पर शाकारतो का?"

पहिला बर्फ पडला तो थेट पाळण्यात. पोरीचे ओठ निळे पडले. यादविगानं तिला उचलून सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"आपण पाहुणे असू, बाबा. पण ही तर इथंच जन्मली. हिनं कुठल्या गावी परत जायचं?"

आजोबांना रडूच कोसळलं. त्यांनी आपलं गाठोडं सोडलं, बायकोची जुनी गोधडी काढून नातीला गुंडाळली, आणि दोर घेऊन छपरावर चढले. ते पाहून शेजारीपाजारी आपापले दोर घेऊन धावले. अंधार पडायच्या आत घर शाकारून झालं.

पोरगी जगली. पुढे एकेक घर धड झालं, परसात सफरचंदाची रोपं लागली, आणि गावही जगलं.

पोर चुरुचुरु बोलू लागली तेव्हा राजांचा समेट झाला. वाट उघडली. आजोबा तडक आपलं जुनं घर बघायला निघाले. जाऊन बघतात तर काय, घरात अनोळखी कुटुंब! दाराशी बांधलेली गाठोडी, आणि वर गळकं छप्पर.

घरातला माणूस टोपी काढून म्हणाला, "रागावू नका, आजोबा. आम्हालाही आमच्या गावातून हाकललंय. आम्ही काही इथं कायमचे नाही."

आजोबांनी घराकडे डोळे भरून पाहिलं. मग बाह्या सरसावल्या.

"अरे, बघत काय उभा राहिलास? गाठोडं सोड, दोर आण इकडे. या घरात उत्तरेचा वारा फार शिरतो. तिकडूनच सुरुवात करू."

तात्पर्य: मन कुठंही रमू दे, पण आज ज्या छपराखाली राहतो, ते आधी शाकारावं.