घाटमाथ्यावरचा हुकूम

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार वर्षं घरी बसलेल्या हुसेनभाई मुलाणींनी पुन्हा ट्रक चालवायचं मनावर घेतलं. पंधरा दिवस मेहुण्याच्या ट्रकवर हात साफ केला आणि कराडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ते चाचणीला हजर झाले.

शेजारी बसले मॅनेजर खर्डेकर. जन्मात कधी स्टिअरिंग धरलेलं नाही, पण तोरा असा की जणू रस्ता यांनीच बांधलाय. भरलेला ट्रक घाटमाथ्यावर आला तसे ते गुरकावले, "आता न्यूट्रल कर. आमच्याकडे डिझेल वाचवतात. हुकूम मोडलास तर नापास!"

उतारावर न्यूट्रल केलं की वीस टनांचं ओझं एकट्या ब्रेकवर येतं, हे हुसेनभाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ट्रक शांतपणे कडेला घेतला आणि हँडब्रेक ओढला.

"करतो की साहेब. फक्त तुम्ही इथंच उतरा."

"मी? का म्हणून?"

"डिझेल किती वाचलं ते ऑफिसात सांगायला कुणीतरी मागं उरायला नको का?"

खर्डेकरांनी दरीत डोकावून पाहिलं आणि घाईघाईनं सीटबेल्ट लावला.

"दुसऱ्या गिअरमध्येच घे," ते पुटपुटले.

हुसेनभाईंनी गिअर टाकला. "घेतो साहेब. तुमचा हुकूम मोडायची काय टाप आहे माझी!"