निळे केस

बटाटे हातानं धुणं सुटलं, त्या काळची गोष्ट. वेफर्सच्या कारखान्यात धुण्याच्या यंत्रावर दोन गोल ब्रश शेजारी-शेजारी फिरत. त्यांतला नवा आपल्या निळ्या केसांवर भारी खूश होता.

"आजोबा, मालकांनी आपल्यालाच केवढ्या लाडानं रंगवलंय," तो म्हणे. झिजलेला म्हातारा नुसता फिरत राही.

एके दिवशी म्हाताऱ्याचा केस तुटून बटाट्यांत पडला. निवडायला बसलेल्या कलावतीबाईंनी तो लांबूनच हेरला.

"म्हणूनच यांना निळं करतात," त्या फिटरला म्हणाल्या. "खाण्यात निळं काही नसतं, तुटलं की लगेच दिसतं."

फिटरनं म्हाताऱ्याला काढून भंगारात टाकलं.

त्याच्या जागी कोरा ब्रश आला आणि म्हणाला, "आजोबा, आपला रंग किती सुरेख आहे, नाही?"

कालचा नवा नुसता फिरत राहिला.