गच्च झाकणाचा कॅन

पंप लांब लांब असायचे आणि गाड्या-डबे आपसात बोलायचे, त्या काळची गोष्ट. एका जुन्या ट्रकच्या पाठीवर डिझेलने काठोकाठ भरलेला कॅन बांधलेला असे. अडीअडचणीसाठी ठेवलेला, म्हणून त्याला कधी कुणी हात लावला नव्हता. आपण भरलेले आहोत म्हणूनच आपल्याला जपतात, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

एका भर दुपारी माळावर मधमाश्यांच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो उभा दिसला. त्याची टाकी कोरडी ठणठणीत पडली होती. पेट्यांना वारा लागेना, आत माश्या तळमळत होत्या.

ट्रकचालक हैबतीने कॅन उतरवला, पण झाकण फिरेना. कॅनने ते गच्च धरून ठेवलं होतं.

"ट्रकदादा, रिकामा झालो की मला फेकून देतील," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"अरे वेड्या," शेजारची रबरी नळी म्हणाली, "मी तर कायम रिकामीच असते. मला फेकलं का कुणी?"

पेट्यांमधली गुणगुण मंदावत चालली होती. कॅनने ती ऐकली आणि हळूच झाकण सैल सोडलं. नळीतून डिझेल उतरलं, टेम्पो धावू लागला, माश्या पुन्हा गुणगुणू लागल्या.

पुढे खड्ड्यांचा रस्ता लागला, तसा रिकामा कॅन ट्रकच्या पाठीवर खडखडू लागला. तो ओशाळला. "त्रास होतोय का रे दादा?"

"छे रे," ट्रक म्हणाला. "इतकी वर्षं पाठीवर तुझं ओझं होतं, आज सोबत आहे. वाजत राहा, वाट लांब आहे."