सरळ रेषेत गोमाजी

विषय : शाळेतील रोजंदारी शिपाई गोमाजी यास कायम करण्याबाबतचा अर्ज.
संदर्भ : विज्ञानशिक्षक पारखे सर यांनी शिपायास वेळोवेळी दिलेली समज.

वरील विषयास अनुसरून सादर की, एका गावात एक भोळा शिपाई होता. नऊ वर्षे तो रोजंदारीवर होता. त्याची बायको वेणू कंटाळून तालुक्याला माहेरी जाऊन बसली होती. “कायम झालात की न्यायला या,” असा तिचा निरोप होता. म्हणून गोमाजी प्रत्येक काम मन लावून करी, आणि तिथेच घात होई. सांगितलेले विसरू नये म्हणून तो रुमालाला गाठ मारी.

एकदा सकाळी मुख्याध्यापकांनी शाळेची डाक त्याच्या हातात दिली. “तालुका चार किलोमीटर. ताशी चारच्या चालीने गेलास तर तासाभरात पोचशील.”

ऊन तोंडावर येत होते, म्हणून गोमाजी पाठ फिरवून चालू लागला. घड्याळात तास भरला तेव्हा तो उसाच्या फडात होता. पोचलो, असे समजून त्याने उसाला पाणी देणाऱ्या म्हाताऱ्याला डाक दिली आणि पोच म्हणून त्याचा अंगठा घेऊन परतला.

“चाल बरोबर होती रे,” पारखे सर म्हणाले. “दिशा चुकली. चालीला दिशा असली तरच तिला वेग म्हणतात. एकदा दिशा धरली की सोडायची नाही.”

गोमाजीने गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातून चहा आणायचा होता. शाळा आणि हॉटेल यांच्या मधोमध जगदाळ्यांचे घर. तिथे मुलगी पाहायला पाहुणे बसले होते. गोमाजी किटली घेऊन पुढच्या दाराने आत शिरला, पाहुण्यांच्या मधून गेला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. येतानाही तसाच आला.

“हे कोण?” पाहुण्यांनी विचारले. “नेहमी येतात का?”

जगदाळ्यांनी किटली काढून घेतली आणि त्याला बाहेर घालवले. गोमाजी हात हलवत शाळेत आला.

“निघालास तिथेच परत आलास,” सर म्हणाले. “विस्थापन शून्य. गेलास काय नि न गेलास काय, शास्त्राला सारखंच.”

गोमाजीने गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात तालुक्याहून साहेब तपासणीला येणार होते. त्यांना स्टँडवरून शाळेत आणायचे काम गोमाजीकडे आले. जाऊन परत इथेच यायचे, म्हणून तो बाकावरून उठलाच नाही. साहेब दीड तास बाभळीखाली उभे राहिले आणि शेवटी बॅग डोक्यावर धरून आपले आपणच आले.

“अरे, कामाला काही वेग?” सर म्हणाले. “तो सारखा वाढवत न्यायचा असतो. त्याला त्वरण म्हणतात.”

गोमाजीने गाठ मारली आणि घंटा द्यायला गेला. पहिला तास पस्तीस मिनिटांचा झाला. दुसरा वीस, तिसरा दहा. सातवा तास मास्तरांनी खडू उचलेपर्यंत संपला. आठवा कुणाच्या लक्षातच आला नाही. साहेब अजून पहिलीच्याच वर्गात होते आणि शाळा सुटली.

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. पण तपासणी आटोपल्यामुळे साहेबांना बाराची एसटी मिळाली. उभ्या नोकरीत ती त्यांना कधी मिळाली नव्हती.

“या माणसाला कायम करून टाकू,” ते म्हणाले. “उद्या शेवटची तारीख आहे. अर्ज माझ्या हातात पडला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज तयार झाला. शाळेची डाक गोमाजीच नेई, म्हणून तो त्याच्याकडेच देण्यात आला. सरांनी त्याला बाजूला घेतले.

“आज त्वरण नको. सूर्याकडे तोंड कर आणि सरळ रेषेत, एकाच वेगाने जा. बाहेरून कुणी जोर लावेपर्यंत असा वेग बदलत नसतो.”

गोमाजीने गाठ मारली. रुमालात आता पुढच्या गाठीला जागा नव्हती.

बरोबर तासाभराने तो तालुक्याच्या कचेरीसमोर आला. साहेब खिडकीतून हात पुढे करून उभेच होते. गोमाजीने चालता चालता नमस्कार केला.

“अरे, थांब.”

“जोर लावा साहेब.”

साहेबांनी सरकारी नोकरीत कधी जोर लावलेला नव्हता. गोमाजी पुढे गेला.

गावाच्या टोकाला सासुरवाडी होती. वेणू दारात धान्य पाखडत होती. नवरा येताना पाहून ती लगबगीने रस्त्यात आली आणि त्याच्याबरोबर चालू लागली.

“झालात का कायम?”

“अर्ज द्यायचाय अजून.”

“मग इकडं काय करताय? निघा आधी,” असे म्हणून वेणूने त्याला पाठीमागून ढकलले.

बाहेरून लागलेला हा पहिलाच जोर.

सद्यःस्थिती : अर्जदार ताशी सहाच्या वेगाने पूर्वेस जात असल्याचे शेजारच्या तालुक्यातून कळते. अर्ज त्यांच्या खिशात प्रलंबित आहे. माहितीस्तव सादर.