पाटाकाठचं बियाणं

फार पूर्वी एका उजाड माळावर एक गाव होतं. तिथे पाऊस नुसता तोंड दाखवायचा आणि निघून जायचा. अशा रानात ते लोक बाकला पिकवायचे. बाकला म्हणजे टपोऱ्या दाण्याचा घेवडा. शिजायला अख्खी दुपार खाईल, पण पोटाला धरून राहील.

बियाणं राखायचा मान केरबाकडे होता. माणूस भला, पण डोक्यात कायम गोंधळ! विहिरीच्या पाटाकडेला त्याचा वाफा होता. तिथल्या सगळ्यांत जाड शेंगा तो दरवर्षी निवडायचा, दाणे राखेत घोळून मडक्यात भरायचा आणि दसऱ्यानंतर घरोघर वाटायचा.

लोक म्हणायचे, "वा केरबा, काय ढब्बू बी आहे!"

बी दरसाल ढब्बू होत गेलं आणि पीक दरसाल घटत गेलं. सहाव्या वर्षी तर माळावरची झाडं उभ्या उभ्या करपली. गावाने ठरवलं, पुढच्या साली असंच झालं तर घरदार सोडून नदीकाठी जायचं.

केरबाला काही सुधरेना. तो बायकोला म्हणाला, "अगं, वाईट बी दिलं असतं तर समजलो असतो. मी तर चांगल्यातलं चांगलं दिलं! मग हे असं कसं?"

तानूबाई शेंगा सोलत होती. "तुमच्या वाफ्यातलं एक तरी झाड कधी तहानलं होतं का?"

"छे! रोज पाट वाहतो की."

"आणि माळावर पाट कुठे आहे?"

केरबा उठला तो थेट माळावर गेला. करपलेल्या रानात इथे एक, तिथे दोन झाडं अजून हिरवी होती. बुटकी, बारीक शेंगांची, पण बुडापासून शेंड्यापर्यंत लगडलेली.

आता आली का पंचाईत! झाडं ज्याच्या त्याच्या शेतात, आणि चार दिवसांत लोक त्या शेंगा शिजवून खाणार. मागायच्या तर कारण सांगावं लागणार. सांगितलं तर मान जाणार, नाही सांगितलं तर गाव जाणार. बिचारा तीनदा चावडीपर्यंत गेला आणि तीनदा परत आला.

चौथ्यांदा मात्र तो आत शिरला. "माझं चुकलं, आणि ते बायकोच्या ध्यानात आलं," तो म्हणाला. "पाणी पिऊन माजलेलं बी मी तुम्हाला दिलं. माळावर हिरव्या राहिलेल्या झाडांच्या शेंगा खाऊ नका, बियाण्याला द्या."

लोक भडकले. "सहा वर्षं आमच्या पोराबाळांच्या तोंडचा घास घालवलास!" केरबाचा मान तिथल्या तिथे काढून तानूबाईला दिला. पण शेंगा मात्र प्रत्येकाने आणून टाकल्या, कारण दुसरं हातात काही उरलं नव्हतं.

पुढच्या साली पाऊस तसाच, नावापुरता. दाणे निघाले बारीक, पण झाडन् झाड शेंगांनी वाकलं. घरोघर कणग्या भरल्या आणि नदीकाठचं नाव कुणी काढलं नाही.

खळ्यावर एकाने केरबाला गाठलं. "आता बियाण्याला कोणतं ठेवायचं रे? जाड की बारीक?"

केरबाने डोकं खाजवलं. "मला अजून काही कळत नाही बाबा. मला विचारू नका, माळाला विचारा. त्याने जे जगवलं, ते ठेवा."

तात्पर्य काय, तर जिथे टिकायचं आहे तिथेच पारख करावी. आणि पारख चुकली, तर मान जाईल म्हणून गप्प बसू नये.